रुग्णालयात परिचारिका रक्तातील साखर कशी मोजतात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोटाला टोचून साखर पाहणे ही वॉर्डमधील इतकी रोजची गोष्ट आहे की तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. मात्र त्या एका थेंबातून येणाऱ्या आकड्यावर इन्सुलिनची मात्रा ठरते, आणि मात्रा चुकली तर काही तासांत जिवावर बेतू शकेल असे हे औषध आहे. म्हणून हा आकडा कसा मिळतो, तो केव्हा खरा मानावा आणि केव्हा त्याच्यावर शंका घ्यावी, याविषयी रुग्ण, नातेवाईक आणि नव्याने कामाला लागलेल्या परिचारिका जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

वॉर्डमध्ये साखर मोजण्याची पद्धत नेमकी कशी असते?

परिचारिका प्रथम रुग्णाची ओळख पटवते. त्यासाठी ती रुग्णालाच नाव विचारते आणि मनगटावरील पट्टीवरचे नाव व क्रमांक ताडून पाहते. अनेक ठिकाणी त्या पट्टीवरील बारकोड यंत्रानेच वाचला जातो. मग ती हात स्वच्छ करून हातमोजे घालते, स्ट्रिपच्या, म्हणजे रक्ताचा थेंब घेणाऱ्या चाचणी-पट्टीच्या, डबीवरील मुदत पाहते, एक स्ट्रिप काढते आणि डबीचे झाकण लगेच घट्ट लावते, कारण हवेतील ओलावा उरलेल्या स्ट्रिप खराब करतो. रुग्णाचा हात धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर तो हृदयाच्या पातळीखाली थोडा वेळ सैल सोडला जातो, म्हणजे बोटाकडे रक्त उतरते.

टोचल्यानंतरचे दोन-चार क्षण लक्षपूर्वक पाहण्यासारखे असतात. बोटाच्या कडेवर आधी लाल ठिपका दिसतो, मग तो हळूहळू फुगून गोल थेंब होतो. स्ट्रिपचे टोक त्या थेंबाला नुसते टेकवायचे असते. थेंब स्ट्रिपवर फासायचा किंवा वरून टाकायचा नसतो. टोक टेकताच स्ट्रिपमधील बारीक फट रक्त आपोआप ओढून घेते. आजच्या बहुतेक स्ट्रिपना एक मायक्रोलिटर किंवा त्याहूनही कमी रक्त पुरते आणि काही सेकंदांत आकडा दिसतो. रक्त अपुरे पडले तर अनेक यंत्रे चूक दाखवतात. अशा वेळी त्याच स्ट्रिपला दुसरा थेंब लावून काम भागवू नये. नवी स्ट्रिप घेऊन मोजणी पुन्हा करावी. शेवटी बोटावर कोरडा कापूस दाबून धरला जातो, सुई धारदार वस्तूंच्या डब्यात जाते आणि आकडा वेळेसह नोंदवला जातो.

बोटाच्या मध्यभागी न टोचता कडेला का टोचतात?

बोटाच्या टोकाच्या मध्यभागी स्पर्श ओळखणाऱ्या मज्जातंतूंची दाटी असते, त्यामुळे तेथे जास्त दुखते आणि दिवसभर वस्तू हाताळताना तीच जागा पुन्हा पुन्हा दाबली जाते. कडेला रक्तपुरवठा भरपूर असतो आणि वेदना कमी होते. साधारणपणे मधले किंवा अनामिका हे बोट निवडले जाते, आणि प्रत्येक वेळी बोट व जागा बदलली जाते. सुजलेले, निळसर, थंडगार किंवा जखम झालेले बोट टाळतात. डायलिसिससाठी फिस्टुला (शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर यांचा केलेला जोड) असलेला हात, तसेच स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतील गाठी काढलेल्या बाजूचा हात शक्यतो टाळला जातो. अशी शस्त्रक्रिया झाली असेल तर रुग्णाने ते स्वतःहून सांगावे.

टोचण्याआधी हात साबणाने धुवायला का सांगतात? स्पिरिटचा बोळा पुरेसा नाही का?

हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. समजा, रुग्णाने नुकतेच एक गोड फळ सोलून खाल्ले आहे. बोटाच्या कातडीवर त्याच्या रसाचा अगदी पातळ थर राहिला आहे; तो डोळ्यांना दिसत नाही, बोट चिकटही लागत नाही. आता त्या बोटातून एक मायक्रोलिटर रक्त घेतले, तर त्या इवल्याशा थेंबात बोटावरची साखरही विरघळते आणि प्रत्यक्षात १३० (मिलीग्रॅम प्रति डेसिलिटर) असलेली साखर यंत्रावर ३०० च्या घरात दिसू शकते. यंत्र बिघडलेले नसते, कारण थेंबात तेवढी साखर खरोखरच असते. फक्त ती रक्तातली नसते. या आकड्यावर विसंबून इन्सुलिन दिले, तर रुग्णाची साखर धोकादायकरीत्या खाली जाते.

स्पिरिटने जंतू मरतात, पण बोटावरची साखर बोळ्याच्या एका फटकाऱ्यात पूर्ण निघेल याची खात्री नसते. म्हणून साबण व कोमट पाणी हा पहिला पर्याय आहे. कोमट पाण्याने बोटाकडील रक्तप्रवाहही वाढतो. उठू न शकणाऱ्या रुग्णाचा हात ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून कोरडा करता येतो. स्पिरिट वापरलेच तर ते हवेत पूर्ण वाळू द्यावे. ओल्या स्पिरिटमध्ये थेंब पसरतो आणि आकडा बिघडतो. अनपेक्षितपणे मोठा आकडा आला, तर मी शिकाऊ परिचारिकांना पहिली गोष्ट हीच सांगते: हात धुवा, दुसरे बोट घ्या, पुन्हा मोजा. यात दोन मिनिटे जातात, आणि ती द्यावीत.

पहिला थेंब पुसून दुसरा का घेतात?

हात साबणाने धुऊन कोरडे केले असतील, तर पहिला थेंबही चालतो. हात धुणे शक्य झाले नसेल, तर पहिला थेंब पुसून दुसरा घेणे अधिक सुरक्षित आहे. प्रत्येक रुग्णालयाचा याबाबत ठरलेला नियम असतो आणि परिचारिका तो पाळते. कोणताही थेंब घेतला तरी बोट जोरजोराने पिळू नये, कारण त्यामुळे पेशींच्या मधला द्रव रक्तात मिसळतो आणि आकडा बदलू शकतो. तळहाताकडून बोटाच्या टोकाकडे हलका दाब देणे पुरेसे असते.

त्या छोट्या स्ट्रिपमध्ये काय घडते?

स्ट्रिपवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, वाळवून ठेवलेले असते. ते बहुधा ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा ग्लुकोज डिहायड्रोजनेज असते. रक्तातील ग्लुकोजशी त्याची अभिक्रिया होते, त्यातून इलेक्ट्रॉन मुक्त होतात, स्ट्रिपवरील दुसरे एक रसायन ते इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचवते आणि अतिशय सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. ग्लुकोज जितके जास्त, तितका प्रवाह जास्त. यंत्र तो प्रवाह मोजते आणि त्याचे रूपांतर आकड्यात करते. विकर आणि इलेक्ट्रोड यांची सांगड घालण्याची कल्पना लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडली. त्यानंतरही बरीच वर्षे वॉर्डमध्ये रंग बदलणाऱ्या स्ट्रिप वापरात होत्या. त्यांच्यावर रक्ताचा मोठा थेंब ठेवून, ठरलेल्या वेळी तो धुऊन किंवा पुसून, उमटलेला रंग डबीवरील रंगांशी जुळवून पाहावा लागे. मंद प्रकाशात दोन परिचारिकांना दोन वेगळे आकडे दिसणे त्यात स्वाभाविक होते.

दिवसातून किती वेळा मोजतात? झोपेतून उठवून मोजण्याची खरोखर गरज असते का?

रुग्ण तोंडाने जेवत असेल, तर साधारणपणे प्रत्येक जेवणापूर्वी आणि रात्री झोपण्यापूर्वी साखर पाहतात. तोंडाने काही घेत नसेल, किंवा नळीतून सतत अन्न चालू असेल, तर दर चार ते सहा तासांनी पाहतात. शिरेतून इन्सुलिन चालू असेल, तर बहुधा दर तासाला, आणि आकडा स्थिरावल्यावर दर दोन तासांनी पाहतात.

जेवणापूर्वीची मोजणी जेवणाच्या अगदी आधीची असावी लागते. साखर पाहिली, मग जेवणाचे ताट यायला दीड तास लागला आणि इन्सुलिन मात्र जुन्या आकड्यावर दिले गेले, तर त्या मोजणीचा उपयोग राहत नाही. मोजणी, इन्सुलिन आणि जेवण या तीन गोष्टी एकमेकींना धरून व्हाव्यात यासाठी परिचारिकेची बरीच धावपळ चाललेली असते. म्हणून “सिस्टर, मी आधीच खाल्ले आहे” किंवा “आज मला जेवण जाणार नाही” हे रुग्णाने वेळीच सांगणे ही तिला मोठी मदत असते.

पहाटे तीनच्या सुमारास उठवून साखर पाहिली जाते तीही विनाकारण नसते. रात्री घेतलेल्या इन्सुलिनमुळे झोपेत साखर उतरू शकते, आणि झोपलेल्या माणसाला घाम, थरथर, धडधड ही लक्षणे जाणवतीलच असे नाही.

मला मधुमेह नाही. तरीही माझी साखर का मोजतात?

गंभीर आजार, जंतुसंसर्ग, मोठी शस्त्रक्रिया किंवा अपघात यांच्या ताणामुळे शरीरात कॉर्टिसॉल, ॲड्रिनॅलिन यांसारखी संप्रेरके वाढतात. ती यकृताला साखर सोडायला लावतात आणि इन्सुलिनचा परिणाम कमी करतात. त्यामुळे पूर्वी कधीही मधुमेह नसलेल्या माणसाची साखरही वाढू शकते. स्टेरॉइड हे दुसरे नेहमीचे कारण आहे. सकाळी प्रेडनिसोलोनची गोळी घेणाऱ्या रुग्णाची साखर सकाळी उपाशीपोटी व्यवस्थित दिसते आणि दुपारनंतर, संध्याकाळपर्यंत चढत जाते. अशा रुग्णाची केवळ सकाळचीच साखर पाहिली तर खरे चित्र दिसत नाही.

बोटाच्या थेंबावरून मधुमेहाचे निदान मात्र केले जात नाही. त्यासाठी शिरेतील रक्ताची प्रयोगशाळेतील तपासणी किंवा मागील सुमारे तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीएवनसी ही तपासणी लागते. दाखल होताना साखर जास्त असेल आणि एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा अधिक असेल, तर मधुमेह आधीपासूनच असावा असे डॉक्टर मानतात.

वॉर्डमधील यंत्राचा आणि प्रयोगशाळेचा आकडा वेगळा का येतो? कोणता खरा मानावा?

फरकाची कारणे अनेक आहेत. बोटातील रक्त केशवाहिन्यांतले असते, प्रयोगशाळेत जाते ते शिरेतले. जेवणानंतर केशवाहिन्यांतील साखर शिरेतील साखरेपेक्षा जास्त असते, कारण मधल्या प्रवासात पेशींनी तिचा काही भाग वापरलेला असतो. शिवाय यंत्रांना ठरावीक मर्यादेपर्यंत चूक मान्य असते. आयएसओ १५१९७ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार, साखर १०० मिलीग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून अधिक असताना ९५ टक्के मोजण्या प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्क्यांच्या आत असाव्यात. साखर १०० पेक्षा कमी असताना फरक १५ मिलीग्रॅमच्या आत असावा. हे मानक रुग्णांनी स्वतः वापरायच्या यंत्रांसाठी आहे आणि रुग्णालयातील यंत्रांकडून अपेक्षा याहून कडक असतात. तरीही १८० आणि १९५ हे एकाच वेळचे दोन आकडे पाहून घाबरण्याचे कारण नाही.

प्रयोगशाळेचा आकडाही दरवेळी निर्दोष असतो असे नाही. नळीत घेतलेल्या रक्तातील पेशी जिवंत असतात आणि त्या साखर वापरत राहतात. सामान्य तापमानाला हा ऱ्हास ताशी सुमारे ५ ते ७ टक्के असतो. नमुना वॉर्डमध्येच दोन तास पडून राहिला तर आकडा खोटा कमी येतो. हा ऱ्हास रोखण्यासाठी करड्या झाकणाच्या नळीत सोडियम फ्लोराइड असते. परंतु त्याचा पूर्ण परिणाम व्हायला एक-दोन तास लागतात, म्हणून ती नळी वापरली तरी नमुना लवकर पोहोचवणे आवश्यक असते.

आणखी एक गोष्ट एककांची. काही देशांत साखर मिलीमोल प्रति लिटरमध्ये सांगतात. त्या आकड्याला १८ ने गुणले की मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरचा आकडा मिळतो. म्हणजे १० मिलीमोल म्हणजे १८० मिलीग्रॅम. परगावचा जुना अहवाल घेऊन येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत हे एकक पाहायला विसरू नये.

कोणत्या रुग्णांच्या बाबतीत बोटातील आकड्यावर विसंबता येत नाही?

रक्तदाब खूप खाली गेलेल्या, हातपाय थंड पडलेल्या किंवा रक्तवाहिन्या आकुंचित करणारी औषधे चालू असलेल्या रुग्णाच्या बोटापर्यंत रक्तच नीट पोहोचत नसते. तेथे साचून राहिलेले रक्त शरीराची खरी स्थिती सांगत नाही. अशा वेळी धमनीतून किंवा शिरेतून नमुना घेऊन रक्तवायू तपासणीच्या यंत्रावर किंवा प्रयोगशाळेत साखर पाहणे योग्य ठरते.

दुसरी बाब रक्तातील तांबड्या पेशींच्या प्रमाणाची, म्हणजे हिमॅटोक्रिटची. तीव्र रक्तक्षय असेल तर अनेक यंत्रे साखर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात. पेशींचे प्रमाण वाढलेले असेल तर कमी दाखवतात. काही नवी यंत्रे हिमॅटोक्रिट स्वतः मोजून ही दुरुस्ती करतात, काही करत नाहीत. ग्लुकोज ऑक्सिडेज वापरणाऱ्या यंत्रांवर रक्तातील ऑक्सिजनचाही परिणाम होतो. ऑक्सिजन खूप जास्त असेल तर आकडा खोटा कमी येतो आणि खूप कमी असेल तर खोटा जास्त येतो. मोठ्या मात्रेत शिरेतून क जीवनसत्त्व दिले जात असेल तर अनेक यंत्रे फसवा मोठा आकडा दाखवतात, आणि तो परिणाम औषध थांबवल्यावरही काही काळ टिकू शकतो.

सर्वांत गंभीर उदाहरण पोटातून केल्या जाणाऱ्या डायलिसिसचे आहे. त्यातील आयकोडेक्स्ट्रिन या द्रावणाचे शरीरात माल्टोजमध्ये विघटन होते. जीडीएच-पीक्यूक्यू हे विकर (ग्लुकोज डिहायड्रोजनेजचा एक प्रकार) वापरणाऱ्या स्ट्रिपना माल्टोज आणि ग्लुकोज यांतला फरक कळत नसे. खरी साखर धोकादायकरीत्या कमी असतानाही यंत्र मोठा आकडा दाखवी आणि त्यावर आणखी इन्सुलिन दिले जाई. यातून रुग्णांचे मृत्यू झाल्याची नोंद घेऊन अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये सार्वजनिक इशारा दिला. म्हणूनच पोटातून डायलिसिस घेणाऱ्या रुग्णाने किंवा त्याच्या नातेवाइकांनी दाखल होतानाच ही माहिती परिचारिकेच्या कानावर घालावी.

ज्या हाताला सलाईन चालू आहे, त्याच हातातून साखर पाहिली तर काय होते?

एक साधा हिशेब पाहा. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत १०० मिलिलिटरमागे ५ ग्रॅम, म्हणजे ५,००० मिलीग्रॅम ग्लुकोज असते. शिरेतून नमुना घेताना त्यात या द्रावाचा केवळ दहावा हिस्सा मिसळला, तरी आकडा सुमारे ५०० ने वाढतो. म्हणून प्रयोगशाळेसाठी नमुना घेताना डेक्स्ट्रोज चालू असलेला हात टाळतात. बोटातील थेंबासाठीही दुसरा हात निवडणे हाच चांगला रिवाज आहे. दोन्ही हातांना सलाईन असेल तर काय करायचे हे परिचारिका डॉक्टरांना विचारून ठरवते.

अतिदक्षता विभागात पद्धत वेगळी असते का?

तेथे अनेक रुग्णांच्या धमनीत नळी बसवलेली असते आणि नमुना तिच्यातून घेता येतो. प्रत्येक वेळी बोट टोचावे लागत नाही. मात्र नळीत भरलेला द्रव आधी पुरेसा काढून टाकल्याशिवाय मोजणीचे रक्त घ्यायचे नसते. ही नळी मोकळी ठेवण्यासाठी लावलेल्या पिशवीत ग्लुकोज नसलेले सलाईनच असले पाहिजे. चुकून ग्लुकोजची पिशवी लावली गेल्यामुळे आकडे सतत मोठे दिसत राहिले, इन्सुलिन वाढवत नेले गेले आणि रुग्ण दगावले, अशा दुर्घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. म्हणून ती पिशवी लावताना आणि पाळी बदलताना तिच्यावरील लेबल दोघींनी वाचावे असा आग्रह धरला जातो. तो आग्रह कुणालाही कंटाळवाणा वाटू नये.

साखर किती ठेवावी याबाबतचे मत गेल्या पंचवीस वर्षांत बदलले आहे. २००१ मध्ये बेल्जियममधील लुव्हेन येथील अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात असलेल्या रुग्णांची साखर ८० ते ११० मध्ये ठेवल्याने मृत्यू घटल्याचे दिसले आणि जगभर कडक नियंत्रणाचा प्रघात पडला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६,१०४ रुग्णांच्या नाइस-शुगर या अभ्यासात मात्र उलट आढळले. कडक नियंत्रणाच्या गटात ९० दिवसांत २७.५ टक्के रुग्ण दगावले, तर सैल नियंत्रणाच्या गटात २४.९ टक्के. साखर अतिशय कमी होण्याचे प्रमाण अनुक्रमे ६.८ आणि ०.५ टक्के होते. आज अतिदक्षता विभागातील बहुतेक रुग्णांसाठी १४० ते १८० हे लक्ष्य धरले जाते. त्यामुळे “साखर १७० आहे आणि सिस्टर काहीच करत नाहीत” ही नातेवाइकांची तक्रार समजण्यासारखी असली, तरी तो आकडा त्या ठिकाणी समाधानकारकच असतो.

साखर ७० पेक्षा कमी आली तर परिचारिका काय करते?

ती आधी रुग्णाकडे पाहते. घाम, थरथर, धडधड, भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे आहेत का, तो शुद्धीवर आहे का, त्याला नीट गिळता येते का, हे तिला काही क्षणांत ठरवायचे असते. शुद्धीवर असलेल्या आणि गिळू शकणाऱ्या रुग्णाला साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज तोंडाने दिले जाते आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजले जाते. आकडा वर आला नसेल तर तेच पुन्हा केले जाते. रुग्ण बेशुद्ध किंवा गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालायचे नसते, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. नातेवाइकांनी घाईने असे काही पाजू नये. अशा रुग्णाला शिरेतून ग्लुकोज देतात. शीर मिळत नसेल तर स्नायूत ग्लुकागॉन या साखर वाढवणाऱ्या संप्रेरकाचे इंजेक्शन देतात.

५४ च्या खालचा आकडा अधिक गंभीर मानतात आणि डॉक्टरांना ताबडतोब कळवतात. आकडा सुधारला म्हणून काम संपत नाही. मधुमेहावरील काही गोळ्यांचा, विशेषतः सल्फोनिलयुरिया गटातील औषधांचा, परिणाम दीर्घकाळ राहतो आणि काही तासांनी साखर पुन्हा उतरू शकते. बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारे औषध) घेणाऱ्या रुग्णात धडधड आणि थरथर झाकली जाते. घाम मात्र येऊ शकतो, म्हणून कपाळाला हात लावून पाहण्याची सवय मोलाची आहे.

यंत्रावर आकड्याऐवजी ‘हाय’ किंवा ‘लो’ असे आले तर?

साखर यंत्राच्या मर्यादेबाहेर आहे असा त्याचा अर्थ होतो. अनेक यंत्रांत वरची मर्यादा ६०० आणि खालची २० किंवा १० असते. परिचारिका हात पुन्हा धुऊन मोजणी करते, डॉक्टरांना कळवते आणि शिरेतील नमुना प्रयोगशाळेत पाठवते. ‘लो’ आले आणि रुग्णाला लक्षणे असतील, तर प्रयोगशाळेच्या उत्तराची वाट न पाहता उपचार सुरू होतात.

नवजात बाळाची साखर कशी पाहतात?

बाळाच्या बोटाला टोचत नाहीत, कारण त्वचा आणि हाड यांच्यामध्ये तेथे फारच कमी अंतर असते. टाचेच्या तळव्याकडील आतल्या किंवा बाहेरच्या कडेला टोचतात. टाचेचा मधला आणि मागचा भाग टाळतात, आणि सुई २.४ मिलिमीटरपेक्षा खोल जाणार नाही अशीच असते. टाच आधी उबदार केली तर रक्त सहज येते. बाळाला आईच्या छातीशी धरून किंवा दूध पाजत असताना टोचले तर त्याला कमी दुखते, आणि हे करण्यासारखे असूनही घाईत अनेकदा राहून जाते.

जन्मानंतर पहिल्या एक-दोन तासांत निरोगी बाळाचीही साखर उतरते आणि मग सावरते, त्यामुळे मोठ्यांचे निकष बाळाला लावता येत नाहीत. कमी वजनाची, मुदतीपूर्वी जन्मलेली आणि मधुमेही मातांची बाळे यांच्यावर अधिक लक्ष ठेवावे लागते. नवजात बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी जास्त असल्याने यंत्राचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो, म्हणून कमी आलेला आकडा प्रयोगशाळेतून पडताळतात. मात्र त्यासाठी उपचार थांबवून ठेवत नाहीत.

एकच यंत्र सर्व रुग्णांना वापरतात. त्यातून संसर्ग होणार नाही ना?

सुई, म्हणजे लॅन्सेट, प्रत्येक वेळी नवी आणि एकदाच वापरण्याची असलीच पाहिजे. रुग्णालयांत वापरायच्या लॅन्सेटची सुई एकदा टोचल्यावर आपोआप आत जाते आणि पुन्हा वापरता येत नाही. घरी वापरतात तसे पेनसारखे टोचणीयंत्र दोन रुग्णांत कधीही वापरायचे नसते, सुई बदलली तरीही नाही, कारण त्याच्या तोंडाशी रक्त लागलेले राहू शकते. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस टिकून राहतो. म्हणूनच यंत्रही प्रत्येक रुग्णानंतर जंतुनाशकाने पुसले जाते, आणि ते जंतुनाशक ठरलेला वेळ पृष्ठभागावर ओले राहावे लागते. हातमोजे प्रत्येक रुग्णागणिक बदलतात. यांपैकी काही होताना दिसले नाही, तर रुग्णाने किंवा नातेवाइकाने नम्रपणे विचारावे. चांगली परिचारिका त्याचा राग मानणार नाही.

यंत्र बरोबर चालते आहे हे कसे कळते?

ग्लुकोजचे प्रमाण माहीत असलेली नियंत्रण द्रावणे मिळतात, बहुधा एक कमी आणि एक जास्त प्रमाणाचे. बहुतेक रुग्णालयांत ती ठरावीक वेळाने, अनेकदा रोज, यंत्रावर तपासली जातात. उत्तर अपेक्षित मर्यादेत आले नाही तर यंत्र वापरातून बाजूला काढतात. स्ट्रिपची नवी डबी उघडल्यावर, यंत्र खाली पडल्यावर किंवा आकडे रुग्णाच्या स्थितीशी जुळेनासे झाल्यावरही ही तपासणी करतात. डबी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहितात, कारण उघडल्यानंतर स्ट्रिप ठरलेल्या मुदतीपर्यंतच चांगल्या राहतात.

मी घरचे यंत्र किंवा दंडावरचा सेन्सर वापरू शकतो का?

घरचे यंत्र जवळ ठेवायला हरकत नाही, पण रुग्णालयातील इन्सुलिन रुग्णालयाच्या तपासलेल्या यंत्रावरील आकड्यानेच ठरते. सेन्सर रक्तातील नव्हे तर त्वचेखालील पेशींमधल्या द्रवातील ग्लुकोज मोजतो, त्यामुळे त्याचा आकडा काही मिनिटे मागे असतो. साखर वेगाने चढत-उतरत असताना हा फरक मोठा होतो. सेन्सरवर अंग टाकून झोपल्यास तो खोटा कमी आकडाही दाखवू शकतो. असे असले तरी साखर कोणत्या दिशेने चालली आहे हे तो चांगले सांगतो आणि रात्री धोक्याची सूचना देतो. २०२० च्या कोविड साथीत परिचारिकांना खोलीत कमी वेळा जावे लागावे म्हणून अनेक रुग्णालयांनी सेन्सर वापरले, आणि त्यांचा वापर तेव्हापासून वाढत आहे. सेन्सर लावलेला असल्यास दाखल होताना सांगावे. एमआरआयपूर्वी तो काढावा लागू शकतो.

परिचारिका आकड्यासोबत आणखी काय लिहून ठेवते?

मोजणीची नेमकी वेळ, रुग्णाने शेवटचे केव्हा खाल्ले, नमुना बोटातला, शिरेतला की धमनीतला, दिलेल्या इन्सुलिनचा प्रकार, मात्रा आणि वेळ, आणि रुग्णाला लक्षणे होती का, या गोष्टी नोंदीत असतात. नुसते ‘साखर २१०’ एवढेच लिहिले, तर पुढच्या पाळीच्या परिचारिकेला तो आकडा जेवणापूर्वीचा की नंतरचा हे कळत नाही, आणि त्याच २१० चा अर्थ दोन्ही वेळी वेगळा असतो. आकडा शंकास्पद वाटून पुन्हा मोजला असेल, तर दोन्ही आकडे आणि पुन्हा मोजण्याचे कारण लिहितात. पहिला खोडत नाहीत. तुम्हाला स्वतःची साखर जाणून घ्यायची असेल तर प्रत्येक वेळी विचारावे. आकडा सांगणे आणि तो समजावून देणे हा परिचारिकेच्या कामाचाच भाग आहे.